संशयाचा रकाना

संगणकाला सहा खाती संशयास्पद वाटली होती. सहाही बचत खाती, सहाही बायकांच्या नावावर, आणि सहाही खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर एकच. त्यातून प्रत्येक खात्यात महिनोन्‌महिने काही हालचाल नाही, मग एका दिवशी अचानक पैसे जमा आणि दोन दिवसांत सगळे काढलेले. बँकेच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या अलर्टखाली शेरा लिहायला एक रकाना होता. तो मुदतीत भरायचा आणि अलर्ट बंद करायचा.

माझी तेव्हाची शाखा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-धडगाव पट्ट्यातली. मला डोकं खाजवावं लागलं नाही, कारण आमच्या शाखेच्या शिपायांनी, सगळे त्यांना नानाच म्हणत, यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "या तर एकाच पाड्यावरच्या आहेत, मॅडम. तिथे एकाच पोऱ्याकडे फोन आहे. सगळ्यांनी त्याचाच नंबर दिलाय." पाडा सातपुड्यात वर. पोराला रेंज धरायला टेकडी चढावी लागायची, आणि बँकेचा मेसेज आलाच तर तो संध्याकाळी घरोघर जाऊन सांगायचा. पैसे सरकारी योजनेचे. आले त्याच आठवड्याच्या बाजाराला बाया खाली उतरल्या, सगळे काढून घेऊन गेल्या. थोडे खात्यात ठेवा म्हणणं सोपं आहे. खाली येण्यात एक मजुरी बुडते, जीपचं भाडं जातं, तेव्हा दोनदा कोण येईल?

मी तसा शेरा लिहिला. पण लिहिताना एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघाली नाही. सायबर फसवणुकीचा पैसा फिरवायला जी भाड्याची खाती वापरतात, ज्यांना बँकेत आता सगळेच 'म्यूल' खाती म्हणतात, त्यांची लक्षणं आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. अनेक खात्यांना एकच नंबर. निपचित पडलेलं खातं एकदम जागं होणं. पैसे आले की लगेच निघून जाणं. शिल्लक कायम शून्याच्या आसपास. ही यादी घेऊन सातपुड्यातल्या कुठल्याही पाड्यावर जा, एकूण एक लक्षण जुळेल. सर्व्हरवरून बघितलं तर गरिबी आणि गुन्हा यांची खाती सारखीच दिसतात. फरक जवळ गेल्यावर कळतो, आणि जवळ जायला शाखेत माणूस नाही. ग्राहकाच्या पडताळणीवर, केवायसीवर, बरंच बोललं जातं. माझ्या मते खरी अडचण ही आहे, आणि नियमांच्या पुस्तकात तिला पान नाही.

ज्यांच्यासाठी केवायसी म्हणजे बँकेचा जाच, एवढाच विषय आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००२ मध्ये पहिल्या सूचना काढल्या, नोव्हेंबर २००४ मध्ये त्या सविस्तर केल्या. काळ्याचा पांढरा करण्याला आळा घालणारा कायदा २००२ चा, अमलात आला १ जुलै २००५ ला. या सगळ्यामागे जी-७ देशांनी १९८९ साली पॅरिसमध्ये उभी केलेली एफएटीएफ, काळ्या पैशाविरुद्धचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. भारत तिचा सदस्य झाला २०१० मध्ये. गाभा साधाच आहे. कुणाला ग्राहक करायचं ते ठरवा, तो कोण याची खात्री करून घ्या, त्याच्या व्यवहारांवर नजर ठेवा, आणि जोखीम पाहून कमीजास्त कसून तपासा. १० लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दर महिन्याला दिल्लीला एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे जातो, संशयास्पद व्यवहारांचा वेगळा. मी या नियमांच्या विरोधात नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी तसं म्हणणारच.

आणि पूर्वीचं सगळं छान होतं असंही माझं म्हणणं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखसही लागायची. कल्पना चांगली. प्रत्यक्षात बँकेसमोरचा हॉटेलवाला चहा-भज्यांच्या गिऱ्हाइकीवर कुणासाठीही सही करायचा, आणि एका गावात तर निम्म्या खात्यांवर एकाच पानवाल्याची सही होती. हा झाला गमतीचा भाग. गंमत नसलेला भाग असा की पावरा किंवा भिल्ल मजुराला ओळख देणार कोण? ज्याचं बँकेत खातं आहे तो. म्हणजे मुकादम, दुकानदार, नाहीतर सावकार. सही त्याची, म्हणून पासबुकही त्याच्याचकडे. ज्याच्या तावडीतून सुटायला बँकेत यायचं, त्याचंच बोट धरून यायचं. पुढे कागदपत्रांवरून ओळख पटते आहे तर ओळखसहीचा आग्रह धरू नका, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं. बरंच झालं.

मग कागद आला. कागदाच्या आमच्याकडच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही.

जन्मतारखेचंच घ्या. शाळेत गेलेल्या पिढीची १ जून, कारण गुरुजींनी पटावर घेताना तीच टाकली. शाळेत न गेलेल्यांची आधारवर १ जानेवारी, कारण नुसतं वय सांगितलं की यंत्र वर्षाची पहिली तारीख धरतं. आता एका गावात तेच नाव, तेच पावरा आडनाव, तीच १ जानेवारी असलेल्या चार बाया सहज निघतात. संगणकाला वाटतं एकाच बाईने चार खाती काढली. उलटही होतं. एकच बाई आधारवर नवऱ्याच्या नावाने, मतदार ओळखपत्रावर बापाच्या नावाने, आणि रोजगार हमीच्या जॉबकार्डावर नुसत्या हाकेच्या नावाने. त्यात आडनाव रोमन लिपीत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. ती एकटी बाई संगणकाच्या लेखी तीन जणी.

पत्त्याचं त्याहून अवघड. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. तिथली माणसं तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये आली, कागद मात्र मागचेच राहिले. एक म्हातारे गृहस्थ जुनं ओळखपत्र घेऊन आले होते. त्यावर गावाचं नाव होतं, घर क्रमांक होता, आणि ते गाव नर्मदेच्या पाण्याखाली होतं. फॉर्मवर 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन रकाने असतात. कायमचा पत्ता काय लिहू, असं नव्या क्लार्कने मला विचारलं तेव्हा शाखेत कुणी हसलं नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परततात. नेमकी याच काळात गेलेली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत येते. पत्र परत येणं हेही अलर्टचं लक्षण, ते वेगळंच.

देशातलं पहिलं आधार कार्ड खान्देशातच दिलं गेलं, हे बाहेरच्या फार जणांना ठाऊक नसतं. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना बोट आणि डोळे याच कागद, ही त्यामागची कल्पना मला आजही मोठी वाटते. आमच्या पट्ट्यात त्याने किती दारं उघडली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बोटाचीही अडचण आहे. कापूस वेचणाऱ्या, मिरची निवडणाऱ्या बाईचं बोट मशीन ओळखत नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी. पुसून परत. खोबरेल लावून परत. एक मावशी चिडून मशीनलाच म्हणाल्या, "कापूस येची येची बोटं घसाई गयात, आते काय हाड लावू?" मागे रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मावशी नाही हसल्या, त्यांना पैसे हवे होते.

याच २०१० च्या डिसेंबरात कागद नसलेल्यांसाठी 'लहान खातं' आलं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा, एवढ्यावर खातं. वर्षाला जमा १ लाखाच्या आत, महिन्याला काढणं १०,००० च्या आत, शिल्लक ५०,००० च्या आत, मुदत आधी बारा महिने. मला तर हा फार शहाणपणाचा नियम वाटला. एवढ्या मर्यादेत कोण काय पांढरं करणार? नायजेरियानेही २०१३ मध्ये अशीच पायऱ्यांची पद्धत आणली, जेवढी ओळख तेवढी मुभा. मग २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, आणि आज देशात ती खाती ५६ कोटींच्या वर आहेत.

पण लहान खातं फारसं कुणी उघडलं नाही. का, ते बँकेतल्यांनाच विचारा. नियम सैल असला तरी हात घट्ट राहतो. उद्या त्या खात्यात काही भानगड निघाली तर इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी 'नियमाप्रमाणे चालतं' हे ऐकून घेईल का, अशी भीती. स्टाफ अकाउंटेबिलिटी, म्हणजे भानगडीची जबाबदारी कर्मचाऱ्यावर, हे दोन शब्द ज्याने एकदा स्वतःच्या नावापुढे वाचले, तो माणूस पुढे दोन झेरॉक्स जास्तच मागतो. माझे एक सहकारी आधार, पॅन, रेशनकार्ड, वीजबिल आणि वर सरपंचाचा दाखला मागत. नियमात एकच पुरे होतं. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, जास्त घेतल्याबद्दल आजवर कुणाला मेमो आलाय का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफएटीएफने पहिल्याच शिफारशीत बदल करून कमी जोखमीच्या ठिकाणी सोपी पडताळणी करू द्यावी यावर भर दिला. पॅरिसला हे पटलंय. तालुक्याच्या शाखेत अजून पटायचंय, कारण मेमो पॅरिसहून येत नाही.

आता रोकड. हा विषय निघाला की मी जरा लांबते.

माझी नंतरची शाखा यावल-रावेरकडची, म्हणजे केळीची. त्याआधी धरणगाव-चोपड्याच्या बाजूला कापूस पाहिला होता. कापसाच्या खेडा खरेदीत व्यापाऱ्याचा टेम्पो वजनकाट्यासकट गावात येतो, माल मोजतो, पैसे हातावर ठेवतो. शेतकऱ्यालाही ते हवं असतं, कारण वेचणीच्या बायांना चुकारा त्याच संध्याकाळी द्यायचा असतो. यात बेकायदा काही नाही. शेतमालाची खरेदी थेट शेतकऱ्याकडून रोखीने करायला आयकराचे नियम सूट देतात. फक्त २०१७ पासून एका वेळी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त. म्हणजे हंगामात शेतकऱ्याच्या पिशवीतून येणारी नोटांची बंडलं कायद्याने स्वच्छ असतात, आणि बँकेच्या सॉफ्टवेअरला ती नेमकी तशीच दिसतात जशी न दिसावीत.

त्याला आणखी एक कारण आहे, ते आतल्याच माणसाला कळेल. खातं उघडताना फॉर्मवर 'वार्षिक उत्पन्न' असा रकाना असतो. समोर गर्दी, शेतकऱ्याला उत्पन्न विचारलं तर तो आभाळाकडे बोट दाखवतो, मग क्लार्क सवयीने ५०,००० टाकून पुढे जातो. पाच वर्षांनी केळीला भाव मिळतो, खात्यात चार-पाच लाख येतात, आणि संगणक ओरडतो की ५०,००० वाल्याकडे हे आले कुठून? संशयाचा पाया काय, तर क्लार्कने घाईत टाकलेला आकडा.

अशाच एका अलर्टमध्ये एक आप्पा निघाले. तीन एकर केळी, वय साठीच्या पुढे, पांढरी टोपी, बोलणं लेवा वळणाचं. खात्यात दर एक-दोन दिवसांनी ४९,००० रोख भरलेले. पुन्हा ४९,०००. पुन्हा ४९,०००. तेव्हा एका दिवसात ५०,००० च्या वर रोख भरली की पॅन लागायचा, त्यामुळे मर्यादेच्या जरा खाली तुकडे करून भरणं हे संशयाचं पाठ्यपुस्तकातलं लक्षण. मी त्यांना बोलावून घेतलं, चहा मागवला आणि सहज विचारावं तसं विचारलं की आप्पा, पैसे एकदम का नाही भरत?

"मले त असं सांगेल व्हतं का पन्नासच्या आत भर, म्हंजे कोनी इचारत नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच इथल्या मान्साने."

कॅशिअरने त्याच क्षणी नोटा मोजायच्या यंत्रात बंडल घातलं. मी आप्पांना पॅन कार्ड आहे का विचारलं. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून लॅमिनेशन केलेलं पॅन काढून टेबलावर ठेवलं, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी कधीचंच काढलेलं. म्हणजे लपवायला काही नाही, कर नाही, पॅनही आहे. तरी या माणसाने कुणाच्या तरी सल्ल्याने, त्रास चुकवायला, नेमकं तेच केलं जे चोर करतो.

मग मी हिशेब मांडला. केळीच्या मुलखात ग्राहकाची पडताळणी अशीच करायची असते. पाच बाय सहा फुटांवर लागवड म्हणजे एकरी साधारण १,४५० खोडं. घड सरासरी २० किलोचा धरला तर एकरी २९० क्विंटल. मरतूक आणि वादळात पडलेली खोडं वजा करा. त्या आठवड्याचा भाव लावा. सातबाऱ्यावर पीकपेरा केळीचा आहे ना ते बघा. रक्कम बसली. शेऱ्यात मी हा सगळा गुणाकार लिहिला, आणि वरून आलेला एकही उलट प्रश्न मला आठवत नाही.

हा हिशेब सगळ्यांना मात्र लावता येत नाही. बटाईने किंवा नफ्याने दुसऱ्याचं शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो; कष्ट त्याचे, पैसा त्याचा, कागद मालकाचा. आणि दुसरीकडे, शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे भलतीकडचा पैसा केळीच्या नावावर दाखवणारेही असतात. त्यांच्याकडे सातबारा असतो, पीकपेरा असतो, पावत्या तर अगदी फाइल लावून. आप्पांकडे एकही पावती नव्हती. पावत्यांच्या संख्येवर गेले असते तर मी उलट्याच माणसावर बोट ठेवलं असतं. गुणाकार केल्याशिवाय कळत नाही, आणि गुणाकार करायला अधिकाऱ्याला खोडांमधलं अंतर माहीत लागतं.

नावांची चाळणी हाही एक प्रकार. संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादी यादीशी प्रत्येक नव्या ग्राहकाचं नाव ताडून पाहतात, ते पाहायलाच हवं. पण भुसावळच्या एखाद्या शेख आडनावाच्या शिंप्याचं नाव तिथल्या कुठल्यातरी नावाशी अर्धंमुर्धं जुळतं आणि त्याचं शून्य शिलकीचं खातं अडकतं. जन्मतारीख, बापाचं नाव ताडून ते सोडवता येतं, थोड्या वेळाचं काम. ते करायला शाखेत कुणी बसेपर्यंत चार दिवस जातात, आणि त्या माणसाला खरं कारणही धड सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून एवढं दिसतं की कारण त्याने ओळखलेलं असतं.

उलट बाजूला हे बघा. चोपड्याकडून जळगावला शिकायला आलेला एक मुलगा. आधार, पॅन, कॉलेजचं ओळखपत्र, व्हिडिओ केवायसी, सगळं चोख. जोखमीच्या वर्गवारीत 'कमी'. त्याच्याकडून कुणीतरी काही हजारांत खातं भाड्याने घेतलं, म्हणजे एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम. थोड्याच दिवसांत परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं. खात्यातून गेलेला पैसा कुठल्यातरी निवृत्त माणसाची आयुष्याची पुंजी होती. मुलाचे वडील शाखेत आले, त्यांनी माझ्यासमोर मुलाला एक शब्द विचारला नाही, मलाच विचारलं, "कागद तर सगळे बरोबर होते ना मॅडम?" होते. कागदाने मुलगा कोण ते सांगितलं होतं. पैसा कुणाचा, ते कागद कधीच सांगत नाही.

आणि याची धग पुन्हा भलत्यालाच लागते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे सरकला ती खाती साखळीने होल्डवर जातात. त्या साखळीच्या टोकाला कधीकधी शेवभाजीचा हॉटेलवाला असतो, ज्याच्या क्यूआरवर चोराने जेवणाचे तीनशे रुपये भरले. नियमाने तेवढीच रक्कम अडवायला हवी. प्रत्यक्षात अख्खं खातं बंद झालेलं मी पाहिलंय, आणि सोडवायला त्याला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला पत्रं लिहावी लागलीत. हॉटेलात दुसऱ्या दिवशीपासून पाटी लागली, फक्त रोख. म्हणजे पैसा बँकेत दिसावा म्हणून जी यंत्रणा उभी केली, तिनेच एक माणूस परत रोकडीकडे ढकलला.

एका गोष्टीबद्दल नोकरीत असताना बोलता यायचं नाही. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला तर तो पाठवल्याचं ग्राहकाला सांगायचं नसतं, आडूनही सुचवायचं नसतं. कायदाच तसा आहे आणि त्याला कारणही आहे, चोर सावध होऊ नये. पण लहान गावात मॅनेजर आणि ग्राहक एकाच देवळात भेटतात. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्याच्या घरून खापरावरचे मांडे येतात, सासरहून आलेली त्याची मुलगी पाया पडते. तुम्ही मांडे खाता. जो पाच हजार लोकांच्या गावातल्या शाखेत तीन वर्षं राहून जाईल, त्याला हे कदाचित कळणारही नाही.

तीन वर्षं. इथे माझा खरा राग आहे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि त्या व्हायलाही हव्यात, एकाच जागी मुरलेल्या माणसाचे हितसंबंध तयार होतात. पण बिहार-आंध्रातून आलेला हुशार पोरगा धडगावच्या शाखेत बसतो, त्याला पावरी सोडा, मराठीही नुकतीच कळू लागलेली असते. त्याला खोडांचं अंतर कळायला दोन हंगाम जातात, आणि कळलं की बदलीची ऑर्डर येते. शाखेत ग्राहकाला खरं ओळखणारी माणसं दोनच, शिपाई आणि बँक मित्र, म्हणजे गावोगाव बँकेची कामं करणारा प्रतिनिधी. कुणाचा नवरा सुरतेला आहे, कुणाचा मुलगा भलत्या नादाला लागलाय, कुठल्या घरात अचानक बुलेट आली, त्यांना सगळं माहीत. त्यांना विचारतं कोण? सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं लॉगिन नाही, शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव नाही. एआयवाली म्यूल-शोधक यंत्रणा आल्यात, येऊ द्यात, बऱ्या कामाच्या असतील. पण एका पाड्यावर एक फोन असतो हे तिला कुणी सांगितलं नाही, तर ती पहिल्यांदा पाडाच पकडेल.

नानांसारख्याच्या माहितीचाही धोका असतो, हे मला मान्य आहे. त्यात पूर्वग्रह असतात, जात असते, भाऊबंदकी असते. 'तो फार चांगला माणूस आहे' हे वाक्य मी कधीच पुरावा धरलं नाही. पण 'तो फोन अमक्या पोराचा आहे' हे वाक्य तपासून बघता येतं, आणि तपासलेलं वाक्य नोंदवून ठेवायला कुठे जागाच नाही. म्हणून दर नवा मॅनेजर त्याच अलर्टला तोच शेरा नव्याने शोधून काढतो. न सापडला तर खातं गोठवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पैसे यायला लागले तेव्हा गोठलेल्या खात्यांची खरी संख्या शाखेच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळी सातपासून रांग. कुणाचं आधार भलत्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, कुणाची ठरावीक वर्षांनी नव्याने करायची केवायसी टळलेली, कुणाचं खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय. बायांचा प्रश्न एकच, आमचे पंधराशे कुठे? त्यांच्या खात्यांत जोखीम शोधण्यासारखं काही नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी प्रत्येकीमागे फॉर्म, फोटो, झेरॉक्स, अंगठा. समोरच्या झेरॉक्सवाल्याने त्या महिन्यात दुसरं मशीन घेतलं.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने यात बरीच सैल दिली. कमी जोखमीच्या ग्राहकांची केवायसी टळली असली तरी ठरावीक मुदतीपर्यंत व्यवहार चालू ठेवा, ते काम बँक मित्राकडूनही करून घ्या, मुदतीआधी तीनदा कळवा आणि त्यातलं निदान एक पत्र असू द्या. पाठोपाठ जुलै ते सप्टेंबर ग्रामपंचायतींमध्ये शिबिरं लागली. मी तेव्हा निवृत्त झालेले होते, तरी एका शिबिरात जाऊन बसले. बँक मित्र मुलगी होती, गावातलीच. म्हातारीचं बोट लागेना तेव्हा तिने डोळ्याने करून टाकलं, आणि फोन नंबरचा रकाना आला तेव्हा विचारलंच नाही, पाठ असलेला पुतण्याचा नंबर लिहिला.

हल्ली शेजारपाजारचे, नात्यातले री-केवायसीची नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. नाव, पत्ता, फोन यातलं काही बदललं नसेल तर 'काही बदल नाही' एवढी स्वतःची लेखी घोषणा पुरते. शाखेत द्या, ॲपवरून द्या, नाहीतर बँक मित्राकडे द्या. फक्त पत्ता बदलला असेल तर नवा लिहून द्या, दोन महिन्यांत तो तपासून घेणं हे बँकेचं काम. तुमचा जुना कागदच मुदत संपलेला असेल किंवा आता चालत नसेल, तर मात्र नवा द्यावा लागतो. तो आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जॉबकार्ड यातला कुठलाही एक. पॅन नसेल तर तसं सांगणारा घोषणेचा फॉर्म. उत्पन्नाच्या रकान्यात क्लार्कला मनाचा आकडा टाकू देऊ नका, हंगामाचा खरा अंदाज सांगा. रोख ४९,००० करून भरू नका, पॅन दाखवा आणि एकदम भरा. आणि काउंटरवरून झेरॉक्सचा गठ्ठा मागितलाच, तर कुठल्या नियमाने हवाय ते कागदावर लिहून द्या म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की गठ्ठा बहुतेक वेळा एका झेरॉक्सवर येतो.